परदेशी निघताना छंदाचा पसारा: वाचकांचे प्रश्न

नोकरीसाठी परदेशी निघालेल्या वाचकांची पत्रे या वेळी बरीच आली. कपड्यांचे आणि भांड्यांचे काय करायचे ते प्रत्येकाला कळते. घोडे अडते ते छंदाच्या सामानापाशी: ते जड, नाजूक, निम्मे विजेवर चालणारे, आणि भाव ठरवताना मालकाचा जीव त्यात अडकलेला. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

प्रश्न: बारा आठवड्यांनी निघायचे आहे. एकाच खोलीत कीबोर्ड, दुर्बीण, लाकूडकामाची यंत्रे आणि हत्यारे, तंबू, कॅमेरे असे सगळे आहे. सुरुवात कुठून करू?

खोकी आणण्यापासून तर मुळीच नको. जुनी वस्तू चालताना दाखवता येते म्हणून तिला भाव येतो. प्लग लावून सुरू असलेला कीबोर्ड आणि टेप मारलेल्या खोक्यातला तोच कीबोर्ड यांत फरक काही नसतो, पण खोक्यातला बिघडलेलाच असणार असे धरून गिऱ्हाईक भाव करते. त्यामुळे विकायच्या वस्तू शेवटपर्यंत जागच्या जागी, जोडलेल्या ठेवा. बांधायला घ्यायच्या त्या न्यायच्या वस्तू.

पहिल्या आठवड्यात फक्त यादी करा. प्रत्येक वस्तूपुढे अनुक्रमांक, सोबत काय काय आहे, काय बिघडले आहे, आणि बांधल्यावर खोके किती लांब, रुंद, उंच होईल ते सेंटिमीटरमध्ये लिहा. न्यायचे की विकायचे हा निकाल वजनापेक्षा आकारमानावर जास्त लागतो. बहुतेक कुरियर कंपन्या लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार करून त्याला ५,००० ने भागतात आणि येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा मोठा असेल तर त्यावर पैसे घेतात. ८८ पट्ट्यांच्या कीबोर्डचे खोके १४० × ४५ × २५ सेंटिमीटरचे धरले तर हिशेब साडेएकतीस किलोंचा होतो, मग आतला कीबोर्ड पंधरा किलोंचा का असेना. जहाजाने पाठवायचे तर भाडे घनमीटरवर लागते आणि अशा सहा खोक्यांत एक घनमीटर जवळजवळ भरतो. दर विचारताना पोहोचल्यानंतरचे खर्चही त्यात धरले आहेत का ते विचारून घ्या: बंदरावरची हाताळणी, सीमाशुल्काची कागदपत्रे, घरपोच पोहोचवणे. स्वस्त दिसणाऱ्या दरपत्रकात नेमके हेच गाळलेले असते.

ज्या वस्तूंना गिऱ्हाईक थोडे, त्यांची जाहिरात आधी द्या. मोठी दुर्बीण, बँडसॉ, लेथ यांना योग्य माणूस सापडायला दोन-दोन महिने लागतात. साधी गिटार किंवा सायकल आठवड्यात जाते, ती मागे ठेवली तरी चालते. तंबू आणि स्लीपिंग बॅग मात्र हंगामाच्या तोंडावर विका. हंगाम संपताना त्यांना कोणी विचारत नाही. लाकूडकामाच्या बाबतीत आमचे मत सरळ आहे: यंत्रे विका; पटाश्या, रंधे, करवती न्या. पात्याला तेलाचा हात फिरवून कागदात गुंडाळले की ही हत्यारे एका लहान पेटीत मावतात, आणि हाताला बसलेला रंधा पुन्हा मिळत नाही.

जाहिरातीत निघण्याची तारीख घालू नका. ती वाचली की गिऱ्हाईक शेवटच्या आठवड्याची वाट पाहत बसते, आणि अमक्या दिवसापासून हे घर रिकामे असल्याची दवंडी पिटली जाते ती वेगळीच. भाव ठरवताना इतरांनी काय मागितले ते पाहू नका, वस्तू कितीला गेली ते पाहा. सहा महिने जागची न हललेली जाहिरात हा भाव नव्हे, ती एखाद्याची आशा असते. आपला किमान आकडा यादीतच लिहून ठेवा. घासाघीस सुरू झाल्यावर तो ठरवायला गेलात तर खाली घसरणारच.

प्रश्न: कॅमेरा बॉडी आणि तीन लेन्स विकायच्या आहेत. एका लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे काही दिसते. ते सांगावे का, आणि कसे?

सांगावे, आणि फोटोसकट सांगावे. पण आधी ते काय आहे ते नीट ओळखा. लेन्स कॅमेऱ्यापासून सोडवा, दोन्ही झाकणे काढा, प्रकाश आत सोडणारे छिद्र (अॅपर्चर) पूर्ण उघडे ठेवा. जुन्या लेन्सवर ते कड्याने उघडते, काहींना मागची बारीक पट्टी बोटाने सरकवून धरावी लागते. खोलीत अंधार करून मागच्या बाजूने टॉर्चचा प्रकाश तिरका टाका आणि पुढून पाहा. प्रकाश सरळ टाकलात तर काहीच कळणार नाही, आणि फार झगझगीत टॉर्चने चांगली लेन्सही कचरापेटी वाटेल.

सुटे ठिपके दिसले तर ती धूळ. ती प्रत्येक वापरलेल्या लेन्समध्ये असते आणि फोटोत उतरत नाही. मधूनच फुटणारे, फांद्यांसारखे पसरणारे बारीक तंतू म्हणजे बुरशी. काचेवर श्वास सोडल्यासारखी एकसारखी पांढरट छटा हा तेलाच्या वाफेचा थर, त्यामुळे उजेडाकडे रोखून काढलेले फोटो फिके येतात. कडेला इंद्रधनुषी वलय दिसले तर दोन काचा चिकटवणारा थर सुटू लागला आहे, आणि ही दुरुस्ती बहुतेक वेळा लेन्सच्या किमतीपेक्षा महाग पडते. छिद्राच्या पात्यांवर तेलाची चमक आहे का तेही पाहा. तेलकट पाती वेळेवर मिटत नाहीत आणि फोटो जास्त उजळ येतात.

बुरशी नुकतीच आणि कडेला असेल तर लेन्स उघडून साफ होते. फार दिवसांची असेल तर काचेवरचा लेप कोरून बसलेली असते. तंतू पुसले तरी त्यांची नक्षी उरते. विकण्यासाठी म्हणून ती साफ करून घेण्याच्या भानगडीत पडू नका. टॉर्च लावून काढलेला एक फोटो, त्याच लेन्सने उजेडाकडे रोखून काढलेला एक आणि उजेड पाठीशी घेऊन काढलेला एक, असे तीन फोटो जाहिरातीत द्या. अशा लेन्स घेणारे लोक असतात. त्यांना भाव कमी हवा असतो आणि लपवाछपवी नको असते. उरलेल्या दोन लेन्स जाईपर्यंत घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून, ४० ते ५० टक्के आर्द्रतेत ठेवा. आर्द्रतामापक लहानसाच येतो, तो डब्यातच राहू द्या. बंद कापडी बॅग ही बुरशीची आवडती जागा.

बॉडीबद्दल गिऱ्हाईक पहिला प्रश्न शटर किती वेळा उघडले असा विचारते. काही कंपन्यांच्या मूळ फोटो फाइलमध्ये हा आकडा लिहिलेला असतो, काहींच्या मेनूत सापडतो. मिळाला तर द्या, नाही मिळाला तर अंदाज ठोकू नका. यांत्रिक शटरचे आयुष्य मॉडेलप्रमाणे साधारण एक ते चार लाख उघडझापांचे धरतात. सेन्सरवरची धूळ दाखवायला छिद्र एफ-१६ वर, म्हणजे बरेच बारीक, ठेवून, फोकस मुद्दाम बिघडवून पांढऱ्या भिंतीचा एक फोटो काढा. धूळ असेल तिथे राखाडी डाग उमटतात.

सगळे एकत्र विकू नका. बॉडीचा भाव नवे मॉडेल आले की पडतो, चांगल्या लेन्सचा सावकाश उतरतो. बॉडीसोबत आलेली साधी लेन्स तिच्यासोबतच जाऊ द्या, बाकीच्या सुट्या. देण्याआधी मेनूतून सेटिंग मूळपदावर आणा. छायाचित्रकाराचे नाव आणि वाय-फायचे पासवर्ड तिथेच साठलेले असतात, आणि नाव नव्या मालकाच्या प्रत्येक फोटोत छापले जाते. मेमरी कार्ड देऊच नका. फॉरमॅट केल्यानंतरही त्यातले फोटो परत काढता येतात.

प्रश्न: हा जुना कॅमेरा विकून निघण्याआधी नवा घेतो. तिकडे पसंत पडला नाही तर तिकडेच विकेन. चालेल ना?

सीमाशुल्काच्या दृष्टीने हा बेत कच्चा आहे. युरोपीय संघात राहायला जाणाऱ्यांना घरगुती सामानावर करमाफी मिळते, पण वस्तू किमान ६ महिने तुमच्याकडे आणि वापरात असावी लागते, आणि माफी मिळाल्यापासून १२ महिने ती विकता, भाड्याने किंवा उसनी देता येत नाही. अमेरिकेत घरसामानाच्या माफीसाठी ते किमान एक वर्ष वापरलेले असावे लागते. म्हणून जुना कॅमेरा आणि त्याची जुनी पावती न्या, नवा तिकडे गेल्यावर घ्या.

प्रश्न: टर्नटेबल, अॅम्प्लिफायर आणि १८० रेकॉर्ड्स आहेत. न्यायच्या की विकायच्या?

तिन्हींचा निकाल वेगळा. आधी टर्नटेबलची पाठ पाहा. जगात घरगुती वीज मुख्यतः दोन प्रकारची: कुठे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, कुठे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. जपानमध्ये १०० व्होल्ट, आणि त्या एकाच देशात पूर्वेकडे ५० तर पश्चिमेकडे ६० हर्ट्झ. लोक व्होल्टेज पाहतात आणि हर्ट्झ विसरतात. पट्ट्यावर चालणाऱ्या पुष्कळ टर्नटेबलची मोटर थेट विजेच्या हर्ट्झवर चालते. ५० साठी बनवलेले यंत्र ६० वर लावले की मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी ४० फेऱ्या होतात आणि गायकाचा आवाज चिरका येतो. उलट दिशेने गेलात तर फेऱ्या २७.८ वर येतात आणि गाणे रेंगाळते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज बदलते, हर्ट्झ बदलत नाही. काही कंपन्या मोटरवर बसवायची वेगळ्या व्यासाची पुली देतात. ती मिळत नसेल तर टर्नटेबल इथेच विका. अॅडॉप्टरवरच्या डीसी मोटरचे किंवा क्वार्ट्झने वेग राखणारे असेल तर ही अडचण नाही, फक्त व्होल्टेज जुळवायचे.

अॅम्प्लिफायरच्या मागे '१००-२४०' असे लिहिले असेल तर तो कुठेही चालेल. एकच आकडा असेल तर ट्रान्सफॉर्मर लागेल, तोही अॅम्प्लिफायरच्या वापरापेक्षा दुप्पट क्षमतेचा. ६० हर्ट्झसाठी बनवलेला अॅम्प्लिफायर ५० वर जास्त तापतो. उलट चालून जाते. जड ट्रान्सफॉर्मर आणि जड अॅम्प्लिफायर असे दोन धोंडे वाहून नेण्यापेक्षा अॅम्प्लिफायर विकावा. स्पीकर न्यायला हरकत नाही, साध्या स्पीकरला भिंतीतल्या विजेशी देणेघेणे नसते.

टर्नटेबल विकून कुरियरने पाठवायचे असेल तर असे बांधा: सुईवर टोपी लावा. हेडशेल, म्हणजे सुई बसवलेले टोक, निघत असेल तर काढून छोट्या डबीत ठेवा. टोनआर्मच्या, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याच्या, मागचे वजन काढा आणि वेगळे गुंडाळा. टोनआर्म त्याच्या टेकणीला मऊ तारेने बांधा, चिकटपट्टीने नको. वरची थाळी उचलून काढा. ही पायरी लोक गाळतात. मग वाटेत थाळीचा दाब मधल्या अक्षावर हापटत राहतो, बेअरिंग जाते, आणि घेणारा म्हणतो की घरघर येते. स्प्रिंगवर तोललेले मॉडेल असेल तर वाहतुकीचे स्क्रू कसून घ्या. झाकण बिजागरीतून सोडवा. मग खोक्यात खोके, मध्ये चारी बाजूंनी किमान ५ सेंटिमीटर फोम.

रेकॉर्ड वेष्टणासकट २०० ते २५० ग्रॅम भरते, म्हणजे १८० रेकॉर्ड्स ३६ ते ४५ किलो. एका खोक्यात पन्नासच्या वर नकोत, आणि उभ्याच ठेवा. आडव्या थप्पीत खालच्या वाकतात. पाठवताना रेकॉर्ड पुठ्ठ्याच्या वेष्टणातून काढून, आतल्या कागदासकट, त्याच्या मागे ठेवा आणि दोन्ही मिळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला. आतच ठेवलीत तर धक्क्याने वेष्टणाची शिवण फाटते.

आमचा सल्ला: परत मिळणार नाहीत अशा तीस-चाळीस निवडा, बाकीच्या विका. दुकानदार सगळा गठ्ठा एका फेरीत उचलतो पण भाव पाडून, कारण निम्म्या त्याच्याकडेच पडून राहणार. सुट्या विकायच्या तर वेष्टणाची आणि तबकडीची स्थिती वेगवेगळी लिहा. तबकडी दिव्याखाली तिरकी धरून पाहा, नखाला लागणारा ओरखडा आहे की नुसता दिसणारा ते सांगा, आणि लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावर कोरलेला क्रमांक द्या. आवृत्ती त्यावरून कळते, आणि संग्राहक त्याचेच पैसे मोजतो.

प्रश्न: माझ्या गिटारला शिसवी लाकूड आहे. विमानतळावर अडवतील असे ऐकले. विकून टाकू का?

नको. हे ऐकीव जुने झाले आहे. धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरच्या साइट्स करारात शिसवीचे अख्खे कुळ, डाल्बर्जिया, २ जानेवारी २०१७ पासून परिशिष्ट २ मध्ये, म्हणजे सीमा ओलांडताना कागदपत्रे लागणाऱ्या यादीत, आले आणि गिटारवाल्यांची धांदल उडाली. २६ नोव्हेंबर २०१९ पासून तयार वाद्ये, त्यांचे भाग आणि जोडसामान यांना त्या कुळापुरती सूट आहे. अपवाद ब्राझिलियन रोजवुडचा. ते १९९२ पासून परिशिष्ट १ या सर्वांत कडक यादीत आहे आणि त्याला सूट नाही. अशी गिटार न्यायची तर वाद्य-प्रमाणपत्र आधी काढावे लागते, आणि त्या प्रमाणपत्रावर नेलेली गिटार परदेशात विकता येत नाही. जुन्या वाद्यातल्या हस्तिदंती नटची (मानेच्या टोकाशी तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि कासवाच्या पाठीच्या नखीचीही चौकशी करा. अडकायला तेवढा तुकडा पुरतो.

गिटार मोडते ती बहुतेक वेळा मानेपाशी, खुंट्यांच्या पाटीच्या मुळाशी. पेटी पालथी पडली की जड खुंट्यांची पाटी हिसका खाते. म्हणून पाटीच्या खाली, वर आणि दोन्ही बाजूंना कापडाच्या घट्ट घड्या भरा. पेटी बंद करून हलवा. आत काही हलल्याचे जाणवले तर पुन्हा उघडा. तारा एखाद्या सुराने उतरवा, पूर्ण सैल करू नका. मानेतली लोखंडी सळई तारांच्या ताणाविरुद्ध लावलेली असते, ताण गेला की ती मान उलटी वाकवते. पोहोचल्यावर पेटी काही तास न उघडता खोलीत राहू द्या. थंडीतून आलेले लाकूड एकदम गरम हवेत काढले तर वरचा लेप तडकतो.

प्रश्न: ८ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या तळावरची आरशाची दुर्बीण) आहे, आणि एक लहान दुर्बीण विषुववृत्तीय स्टँडवर (ताऱ्यांच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवणारा स्टँड) आहे. मी दक्षिण गोलार्धात जातोय. काय नेऊ?

डॉब्सोनियन विका. नळी सव्वा मीटरची, तळासकट वजन वीस किलोंच्या आसपास, आणि आरसा वाटेत हलणार तो हलणारच. विकण्याआधी मुख्य आरसा पुसू नका. धुळीने फारसे बिघडत नाही, पुसल्याने अॅल्युमिनियमच्या लेपावर कायमचे ओरखडे येतात. आरसे नीट जुळवा आणि गिऱ्हाइकाला रात्री बोलवा. शनी किंवा चंद्र एकदा पाहिला की घासाघीस आपोआप आटोपते. आयपीस मात्र ठेवा; सव्वा इंची मापाचे आयपीस जगभर बसतात आणि खिशात मावतात.

विषुववृत्तीय स्टँड तिकडे चालतो का, हे त्याच्या मोटरवर आहे. दक्षिणेत आकाश उलट्या दिशेने फिरते, म्हणून मोटरला उत्तर-दक्षिण असे बटण किंवा सेटिंग हवे. ध्रुवतारा तिकडे दिसत नाही. दक्षिण ध्रुवाजवळचा सिग्मा ऑक्टँटिस जेमतेम साडेपाचच्या प्रतीचा, शहरातून नुसत्या डोळ्यांना दिसणे अशक्य. ध्रुवदर्शक भिंगात दक्षिणेची आकृती कोरलेली आहे का ते पाहा. बटणही नाही आणि आकृतीही नाही, तर स्टँड विका.

सौर फिल्टर कोणाला देण्याआधी तो दिव्यासमोर धरा. एक जरी टाचणीएवढे छिद्र किंवा चुरगळ दिसली तर विकू नका, फुकटही देऊ नका. कात्रीने कापून टाका.

प्रश्न: ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरचे माशांचे टाके आहे. आधी मासे द्यावेत की टाके?

मासे आणि फिल्टर एकाच दिवशी, शक्यतो एकाच माणसाला. फिल्टरच्या स्पंजात जगणारे जिवाणू माशांच्या मलातल्या अमोनियावर पोसतात. मासे आधी गेले की ते उपाशी राहून कमी होत जातात आणि तुम्ही विकता तो हळूहळू नुसता ओला स्पंज होतो. स्पंज नळाखाली धुऊ नका. टाक्याच्याच पाण्यात बुडवून, वर भरपूर हवा ठेवून, काही तासांत नव्या जागी लावायला सांगा. माशांना आदल्या दिवसापासून खाऊ घालू नका, नाहीतर पिशवीतले पाणी तेच घाण करतात. पिशवीत एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश हवा, वरून कागद गुंडाळून अंधार.

टाके गिऱ्हाइकाला भरलेलेच दाखवा. गळत नाही याचा दुसरा पुरावा नाही. मग पूर्ण रिकामे करून, वाळू-दगडही काढून हलवा. भरल्या टाक्यात १८० लिटरांच्या आसपास पाणी असते, आणि तळाशी चार बोटे पाणी ठेवून उचलले तरी ते एका बाजूला धावते आणि सिलिकॉनचा सांधा सुटतो. गिऱ्हाईक मिळाले नाही म्हणून मासे तळ्यात किंवा नदीत सोडू नका. परके मासे स्थानिक माशांच्या जिवावर उठतात. दुकानदार बहुधा फुकट घेतो, तसे द्या.

प्रश्न: सायकल दूरच्या गिऱ्हाइकाला विकली आहे. खोक्यात घालताना काय चुकते?

बांधण्याआधीचे एक काम: चेनची झीज मोजून कळवा. पट्टीने १२ पूर्ण दुवे मोजा. नवी चेन ३०४.८ मिलिमीटर भरते. ३०६.३ झाली तर बदलायला आली, ३०७ च्या पुढे गेली तर मागची दातेरी चक्रेही बहुधा झिजली आहेत. जाहिरातीत 'मीडियम' लिहून भागत नाही; सीटची नळी आणि वरची आडवी नळी मोजून द्या. खालच्या बाजूचा फ्रेम क्रमांक पावतीवर घ्या.

सीटच्या दांड्यावर टेपने खूण करून तो काढा. पॅडल काढताना डाव्याचे आटे उलटे असतात हे विसरून लोक जोर लावतात आणि क्रँक खराब करतात. पाना वर धरून मागच्या चाकाकडे ओढा, दोन्ही पॅडल तसेच सुटतात. पुढचे चाक काढल्यावर फोर्कच्या दोन टोकांमध्ये प्लास्टिकचा किंवा लाकडाचा अडसर घाला, नाहीतर वरून वजन पडले की फोर्क दबतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असेल तर पॅडच्या फटीत पुठ्ठ्याची घडी सारा. चाक नसताना लिव्हर दाबला गेला तर पॅड चिकटतात आणि घेणाऱ्याला वाटते ब्रेकच गेला. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणारा भाग, बोल्ट सोडून फ्रेमच्या आत बांधा. तो बाहेर राहिला तर त्याचा हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, वाकतो, आणि पोहोचलेल्या सायकलींची सर्वांत नेहमीची तक्रार हीच. सुटे स्क्रू एका पिशवीत, आणि ती पिशवी फ्रेमला बांधलेली. खोक्याच्या तळाशी टाकलेली पिशवी पुठ्ठा फोडून निघून जाते.

सायकल सोबत नेणार असाल आणि ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडला जाणार असाल तर टायर, चेन, बूट, तंबूचे खुंटे यांवरची माती ब्रशने घासून काढा आणि फॉर्मवर लिहा. तिथले तपासनीस मातीच्या ढेकळासाठी सगळे सामान उघडायला लावतात.

प्रश्न: ड्रोन, ड्रिल मशीन, ई-सायकल यांच्या बॅटऱ्या विमानात नेता येतील?

विमानातली मर्यादा वॅट-अवरवर ठरते: व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॅट-अवर. १०० पर्यंतची बॅटरी साधारणपणे चालते, १०० ते १६० पर्यंतच्या दोन सुट्या बॅटऱ्या विमान कंपनीच्या परवानगीने, त्यावर नाही. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-अवरची ड्रिलची बॅटरी ९० भरते, चालते. त्याच व्होल्टची ६ ची १०८, म्हणजे परवानगी. ई-सायकलची ३६ व्होल्ट, १४ अँपिअर-अवरची ५०४ होते. ती विकावीच लागते. सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच ठेवा, टोकांवर टेप लावून. कंपनीनुसार संख्येची मर्यादा वेगळी असते, तेवढी विचारा. फुगलेली बॅटरी विकू नका, नेऊ नका, ई-कचऱ्यात द्या. कॅम्पिंगची गॅसची नळकांडी, टर्पेंटाइन, स्प्रे रंग यांचेही तेच: विमानात नाही, सामान हलवणारेही घेत नाहीत, ओळखीच्या छंदवाल्याला देऊन टाका.

ड्रोन, स्मार्ट घड्याळ, सायकलचा संगणक यांना विकण्याआधी आपल्या खात्यातून सोडवा, आणि ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर त्याच्या खात्यात जोडून पाहा. नाहीतर तुम्ही तिकडे झोपलेले असताना इकडे माणूस 'पासवर्ड द्या' म्हणून फोन करत राहील. ड्रोनची सरकारी नोंद असेल तर ती रद्द किंवा हस्तांतरित करा.

प्रश्न: पैसे घेताना काय सांभाळावे?

पैसे आल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत; स्वतःच्या खात्यातली शिल्लक वाढलेली पाहा, मग वस्तू हातात द्या. पैसे घेण्यासाठी पिन, ओटीपी किंवा कोड स्कॅन करायला सांगणारा माणूस पैसे द्यायला आलेला नसतो. 'चुकून जास्त पाठवले, फरक परत करा' हाही तोच धंदा. पावतीवर तारीख, अनुक्रमांक, सांगितलेले दोष आणि 'आहे त्या स्थितीत' हे शब्द असावेत, सही दोघांची. कुरियरने पाठवायची विक्री निघण्याच्या चार आठवडे आधी थांबवा, कारण परत आलेले खोके उघडायला तुम्ही घरी असायला हवे.

प्रश्न: उरलेले सामान माझ्यामागे भाऊ विकणार आहे. त्याला काय सांगून जाऊ?

प्रत्येक वस्तूचा किमान भाव आणि एका तारखेनंतर तो किती उतरवायचा हे लेखी द्या, म्हणजे दर वेळी फोन करायला नको. प्रत्येक वस्तू सुरू करून, आवाजासकट, एक मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा; भावाला दुर्बीण जुळवता येत नसली तरी गिऱ्हाइकाला ती चालताना दिसेल. जाहिरातीचे खाते तुमच्या फोन नंबरावर असेल आणि तो नंबर परदेशात बंद पडणार असेल, तर भावाच्या नावाने नवे खाते आधीच उघडा. लिथियमच्या बॅटऱ्या अर्ध्या भरून वेगळ्या ठेवा. फ्लॅश, ट्यूनर, मेट्रोनोम, रिमोट यांतले साधे सेल आजच काढा. पडून राहिलेला सेल पाझरतो, पांढरा खर स्प्रिंगांवर चढतो, आणि पुढच्या महिन्यात भाऊ जो फ्लॅश दाखवायला काढेल तो लागणारच नाही.